उलटा चरक

रसवंतीत मोटार भणाणत असते, पण चरकाचे लोखंडी रूळ सावकाश फिरतात. मधली दातेरी चाकं मोटारीचा वेग खातात आणि त्या बदल्यात जोर देतात. लिफ्ट घ्या, काँक्रीट कालवणारं यंत्र घ्या, आपली बहुतेक यंत्रं याच दिशेनं चालतात. पवनचक्कीचं उलट आहे. उसानं चरक फिरवावा आणि चरकानं मोटार पळवावी, असा तिथला मामला. पवनचक्की बनवणारे इंजिनिअर गेली कित्येक दशकं या उलट्या चरकाशी झुंजत आहेत.

झुंज कशाशी, ते आकड्यांतून कळतं. आजच्या 160 मीटर व्यासाच्या चक्कीची पाती मिनिटाला साधारण दहा फेरे घेतात. लांबून ती आळसावलेली दिसतात, पण पात्याचं टोक तेव्हा ताशी 300 किलोमीटरनं हवा कापत असतं. टोक याहून फार जोरात फिरवलं तर आवाज असह्य होतो, त्यामुळे चक्की जितकी मोठी तितकी ती हळू फिरणार. नेहमीच्या चार ध्रुवांच्या जनित्राला मात्र मिनिटाला 1500 फेरे लागतात. दहाचे दीड हजार करायचे म्हणजे दीडशेपट वाढ. त्यात आणखी एक पेच आहे. पात्यांचा व्यास दुप्पट केला की वीज चौपट मिळते आणि फेरे निम्मे होतात, म्हणजे मुख्य दांड्यावरचा पीळ, ज्याला इंजिनिअर टॉर्क म्हणतात, तो आठपट होतो. चक्की वाढते त्याहून तिच्या दांड्याचं ओझं कितीतरी वेगानं वाढतं.

डेन्मार्कमधल्या गेडसर इथे योहानेस यूल यांनी 1957 साली 200 किलोवॅटची चक्की उभारली. तिच्यात वेग वाढवायला चक्क साखळी होती, आपल्या सायकलला असते त्याच जातीची. पंचवीसपट वाढ तिनं निभावली आणि चक्की फारशी कुरकुर न करता दहा वर्षं चालली. पुढे चक्क्या मोठ्या झाल्या, साखळीच्या आवाक्यातलं काम राहिलं नाही आणि दातेरी चाकांचा खोका, म्हणजे गिअरबॉक्स, आला.

गिअरबॉक्सनं जगभर वीज दिली, तसा मनस्तापही दिला. वीस वर्षांच्या बोलीवर बसवलेले कित्येक खोके निम्म्या वाटेवरच बसले. दोष दात्यांचा असेल असं आधी वाटायचं. अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेनं 2007 पासून यावर सामूहिक अभ्यास चालवला, तेव्हा बहुतेक बिघाडांची सुरुवात बेअरिंगपासून होते असं दिसलं. वारा सरळ येत नाही. तो पात्यांना वर-खाली, आजूबाजूला ढकलतो, दांडा किंचित वाकतो आणि तो वाक बेअरिंगला सोसावा लागतो. गिअरबॉक्स वारंवार बिघडतो असंही नाही. वायरिंग आणि इलेक्ट्रॉनिक्स त्याहून जास्त वेळा दगा देतात, पण ते दुखणं थोडक्यात आटोपतं. गिअरबॉक्स गेला की अजस्र क्रेन आणावी लागते. साताऱ्याहून ठोसेघरवरून चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांच्या पठारावर चढणारा रस्ता ज्यानं पाहिला आहे, त्याला या वाक्याचं वजन वेगळं सांगायला नको.

हा खोका किती मोलाचा आहे हे पुण्याच्या सुझलॉननं ओळखलं होतं. 2006 साली तिनं हॅन्सन ही बेल्जियमची गिअरबॉक्स कंपनी 46 कोटी 50 लाख युरोंना घेतली. त्या काळी चक्क्यांना मागणी होती आणि गिअरबॉक्सचा तुटवडा होता. पुढे कर्जाच्या ओझ्याखाली सुझलॉनला हॅन्सन सोडावी लागली आणि 2011 मध्ये ती जर्मनीच्या झेडएफकडे गेली.

गिअरबॉक्सला मुळातूनच रजा देणारा माणूस जर्मनीचा, आलॉइस वोबेन. 1984 साली त्यानं एनरकॉन काढली. सुरुवातीच्या चक्क्यांत त्यानंही गिअरबॉक्सच घातला होता. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं तो काढून टाकला आणि पाती थेट जनित्राला जोडली. जनित्र हळू फिरूनही पुरेशी वीज द्यायला हवं असेल, तर त्याचा घेर वाढवावा लागतो. म्हणून एनरकॉनचं जनित्र डब्यासारखं नसून प्रचंड कड्यासारखं असतं. ई-126 या राक्षसी चक्कीत त्या कड्याचा व्यास 12 मीटरच्या आसपास गेला, म्हणजे चार मजली इमारतीएवढा. एवढ्या कड्यात फिरता आणि स्थिर भाग यांच्यातली फट मात्र मिलिमीटरांतच ठेवावी लागते. चुंबकाची ओढ ती फट मिटवायला सारखी टपलेली असते. ती ओढ रोखायला पोलाद लागतं, आणि पोलादानं वजन वाढतं.

ही जात आपल्याकडेही आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात खांडके इथल्या टाटा पॉवरच्या प्रकल्पात एनरकॉनच्या 800 किलोवॅटच्या चक्क्या आहेत. मनोऱ्यावरचं डोकं अंड्यासारखं गोल दिसलं की ओळखावं, आत गिअरबॉक्स नाही.

मग प्रश्न सुटला का? डरहॅम विद्यापीठाच्या पीटर टॅव्हनर यांनी सहकाऱ्यांसह जर्मनी-डेन्मार्कमधल्या बिघाडांच्या नोंदी तपासल्या. गिअरबॉक्स नसलेल्या चक्क्यांचे एकूण बिघाड कमी निघाले नाहीत. सगळी वीज तिला ग्रीडजोगी करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टरमधून जात होती आणि त्याच बाजूची दुखणी वाढली होती.

वजनावर उतारा म्हणून जनित्राच्या फिरत्या भागातल्या तांब्याच्या गुंडाळ्यांच्या जागी निओडिमियमचे कायम चुंबक आले. एका मेगावॅटला साधारण 600 किलो चुंबक लागतात. निओडिमियमच्या पुरवठ्यावर चीनची पकड आहे, आणि 2010-11 मध्ये चीननं निर्यात आवळली तेव्हा भाव आकाशाला भिडले. एनरकॉन बरीच वर्षं ‘आमच्यात असले चुंबक नाहीत’ असं मिरवायची. अलीकडच्या मोठ्या चक्क्यांत तिनंही ते घातले. मला यात ढोंग दिसत नाही. आकार वाढला की तत्त्वाला वजनकाट्यावर उभं राहावंच लागतं.

मधला मार्गही आहे. गिअरबॉक्स ठेवायचा, पण कमी टप्प्यांचा. वेग थोडाच वाढवायचा आणि जनित्र मध्यम घेराचं घ्यायचं. व्हेस्टास या कंपनीची 15 मेगावॅटची समुद्री चक्की अशीच आहे, तर सीमेन्स गामेसाची 14 मेगावॅटची थेट जोडणीची.

माझा जीव मात्र स्कॉटलंडच्या एका प्रयोगात अडकला आहे. समुद्राच्या लाटांतून वीज काढण्यासाठी स्टीफन सॉल्टर यांनी एडिंबरो विद्यापीठात जे काम केलं, त्यातून 1994 साली आर्टेमिस ही कंपनी निघाली. तिनं दाते आणि चुंबक दोन्ही बाजूला ठेवले. पात्यांचा दांडा एक मोठा पंप फिरवतो, पंप तेलाला दाब देतो आणि ते तेल जनित्राला जोडलेली मोटार वेगानं फिरवतं. तेलात जोर वाया जातो, ही जुनी तक्रार. त्यावर तोड अशी की पंपात पुष्कळ सिलिंडर, आणि प्रत्येक ठोक्याला कोणता सिलिंडर राबेल, कोणता स्वस्थ बसेल, हे संगणक ठरवणार. वारा पडला की बरेचसे सुट्टीवर. जनित्राचा वेग तेलच सांभाळत असल्यानं तो महागडा कन्व्हर्टरही लागत नाही.

2010 साली मित्सुबिशीनं आर्टेमिस घेतली. 2015 मध्ये स्कॉटलंडच्या हंटरस्टन किनाऱ्यावर 7 मेगावॅटची चक्की फिरू लागली. त्याच वर्षी फुकुशिमासमोरच्या समुद्रात तरंगत्या पायावर तिची बहीण उभी राहिली, तेव्हाची जगातली सगळ्यात मोठी तरंगती चक्की. पण ती नीट चालेना, तिचा खर्च निघेना, आणि 2020 मध्ये ती उतरवली. दरम्यान 2014 मध्येच मित्सुबिशीनं समुद्री चक्क्यांसाठी व्हेस्टासशी भागीदारी केली होती आणि घरात गिअरबॉक्सवाली सून आणली होती. तेलावरच्या चक्कीला मग वाली उरला नाही.

आर्टेमिस पुढे डॅनफॉस या कंपनीकडे गेली. तो हुशार पंप आज बाजारात मिळतो. माती उकरणाऱ्या एक्स्कॅव्हेटरसाठी.