रक्तातील फरारी पेशींचा तपास

गाठ सोडून रक्तात शिरलेली कर्कपेशी ऑस्ट्रेलियात थॉमस ॲशवर्थ यांनी १८६९ सालीच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. परंतु एका मिलिलिटरमधील सुमारे ५०० कोटी तांबड्या पेशींच्या वस्तीतून अशा एकदोन फरारींना हुडकून काढण्याची खात्रीची रीत हाती येण्यास त्यानंतर शतकाहून अधिक काळ जावा लागला. या रीतीत, कर्कपेशींवर आढळणाऱ्या 'एपकॅम' या प्रथिनास चिकटणारी प्रतिपिंडे सूक्ष्म लोहकणांवर चढवून ते कण रक्तात मिसळतात. हे प्रथिन रक्तपेशींवर नसल्यामुळे, चुंबक लावताच केवळ कर्कपेशी नळीच्या भिंतीस बिलगतात, निदान तशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात काही पांढऱ्या पेशीही सोबत ओढल्या जातात. म्हणून केंद्रक व कर्कपेशीची खूण असलेले 'सायटोकेरॅटिन' रंगले आणि पांढऱ्या पेशीची खूण असलेले 'सीडी ४५' कोरे राहिले, तरच दप्तरी नोंद. एपकॅम टाकून दिलेली पेशी मात्र चुंबकास सहज हुलकावणी देते.

अमेरिकेत याच रीतीवर चालणाऱ्या 'सेलसर्च' यंत्रास २००४ साली परवाना मिळाला. पसरलेल्या स्तनकर्करोगात ७.५ मिलिलिटरमागे ५ वा अधिक पेशी हे तेथे अशुभ लक्षण मानले गेले. आपल्याकडे पुणे व नाशिक येथे या विषयावर काम झाले आहे. बीड जिल्ह्यातील आष्टीहून नगर-पुण्याची वाट धरणाऱ्या रुग्णाने एवढे ध्यानात ठेवावे, की निदानाचा अखेरचा हुकूम अजून ऊतीच्या तुकड्याकडेच आहे.