अलखपुऱ्याच्या फुटबॉल खेळणाऱ्या मुली

मागच्या बैठकीत हप्ते जमा झाल्यावर मी सहज विचारलं, शाळेत असताना तुमच्यातलं कोण चांगलं खेळायचं? आधी सगळ्या हसल्या. मग एक काकू हळूच म्हणाल्या, "मी खो-खोत तालुक्यापर्यंत गेले होते." इतकी वर्षं एका गटात आहोत, पण हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

म्हणून आज अलखपुऱ्याविषयी सांगते. हरियाणात, भिवानी जिल्ह्यातलं हे शेतकऱ्यांचं लहान गाव. तिथल्या सरकारी शाळेत गोरधन दास हे खेळाचे शिक्षक मुलांना कबड्डी शिकवायचे. मुली मागे लागल्या, सर, आम्हालाही काहीतरी खेळू द्या. सरांनी त्यांच्याकडे फुटबॉल दिला. तसा हा खेळ परवडणाराही. एक चेंडू आणि मोकळं रान असलं की बावीस जणी खेळतात. घरच्यांना मात्र पोरींनी हाफपँट घालून पळणं रुचायला वेळ लागला. ते आपल्याला काही नवीन नाही!

शाळांसाठी देशपातळीवर सुब्रतो कप ही फुटबॉलची स्पर्धा असते. मुलांची १९६० साली सुरू झाली, मुलींचा गट आला २०१२ साली. म्हणजे मी शाळेत होते तेव्हा मुलींना तिथं जागाच नव्हती. कितीतरी चांगल्या खेळाडू अशाच राहून गेल्या असतील, त्यांची नावं कुठल्या ढालीवर शोधायची?

अलखपुऱ्याच्या मुलींनी २०१५ आणि २०१६, अशी लागोपाठ दोन वर्षं ही स्पर्धा जिंकली. याच गावची संजू यादव पुढं भारताच्या संघातून खेळली. तिनं खेळायला सुरुवात केली ती शिष्यवृत्तीसाठी. घरात पैशाची नड होती. पदक मिळवणाऱ्या मुलींना सरकारकडून शिष्यवृत्ती मिळायची. मला यात कमीपणा वाटत नाही. मुलीच्या खेळातून घरात चार पैसे आले, की तिला मैदानावर जाऊ नको म्हणणारं तोंड आपोआप बंद होतं. आणि मोठ्या मुली जिंकून आल्या, की धाकट्यांना घरी फार भांडावं लागत नाही.

आमच्या काकूंचं प्रमाणपत्र ट्रंकेत लुगड्याखाली आहे म्हणे. पुढच्या बैठकीला त्या ते घेऊन येणार आहेत. सोबत सातवीतली नातही येणार आहे, तिला शाळेच्या संघात जायचंय आणि घरी अजून होकार मिळालेला नाही.