पऱ्हाटीच्या ढिगात दडलेली अळी

विदर्भात सासर किंवा माहेर असलेल्या मैत्रिणींना पऱ्हाटी म्हणजे काय ते सांगायला नको. इतर भगिनींसाठी सांगते. कापसाच्या झाडाला आमच्याकडे पऱ्हाटी म्हणतात, आणि कापूस वेचून संपला की उपटलेल्या वाळक्या झाडांनाही पऱ्हाटीच. खेड्यात घरामागे तिचा मोठा ढीग रचलेला असतो. चुलीसाठी फुकटचं सरपण!

नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था मात्र सांगते, की हा ढीग साठवू नका. १९७६ पासून ही संस्था कापसावर काम करते आहे. बायकांच्या सरपणाशी शास्त्रज्ञांचं काय वाकडं, असं वाटेल. त्यासाठी गुलाबी बोंडअळीची राहणी समजून घ्यायला हवी.

हिचा पतंग लहानसा, करड्या रंगाचा, रात्री उडणारा. मादी पात्या-फुलांवर नि कोवळ्या बोंडांवर अंडी घालते. अळी फुलात शिरली की पाकळ्या आतून बांधून टाकते. फूल उमलतच नाही, मिटलेल्या गुलाबासारखं राहतं. त्याला डोमकळी म्हणतात. पुढे हिरव्या बोंडात शिरते, आणि शिरलेलं भोक बुजून जातं. बाहेरून बोंड कसं छान टपोरं! फोडावं तर आत सरकी खाल्लेली आणि कापूस पिवळट, चिकटलेला. अशा कापसाला ‘कवडी’ म्हणतात, आणि भावही नावासारखाच मिळतो.

एकदा अळी बोंडात बसली, की वरून कितीही औषध मारा, तिच्यापर्यंत ते पोचत नाही. फवाऱ्याचा खर्च होतो, अळी सुखरूप राहते.

बोंडअळीवर उपाय म्हणून २००२ साली बीटी कापूस आला. २००६ मध्ये त्याची दोन जनुकांची सुधारलेली जात आली. पहिली काही वर्षं फवारण्या खरोखरच कमी झाल्या, हे मान्य करायला हवं. बियाण्याबरोबर साध्या कापसाचं एक लहान पाकीट मिळत असे. ते शेताच्या कडेने लावायचं होतं, म्हणजे अळीला बीटीची सवय लवकर होणार नाही. पण पुष्कळांनी ते लावलंच नाही. अळी शेवटी बीटी पचवायला शिकली. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात तिने उभ्या पिकाची दैना केली.

त्याच वर्षी आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकं फवारताना विषबाधा होऊन वीसाहून अधिक माणसं गेली. शेकडो दवाखान्यात पडली. फवारणारे बहुतेक मजूर आणि लहान शेतकरी, म्हणजे कोणाचा तरी नवरा, कोणाचा मुलगा. हे लक्षात घेतलं म्हणजे ‘कमी फवारा’ हा सल्ला नुसता खर्च वाचवण्याचा नाही, हे कळतं.

मग करायचं काय? आधी पाहायचं, मग फवारायचं. हेक्टरी पाच कामगंध सापळे लावतात. (शाळेत हा शब्द फळ्यावर लिहिला की मुली खुदखुदतात.) त्यात मादीच्या वासासारखा कृत्रिम गंध असतो, नर त्याला भुलून अडकतात. एका सापळ्यात ओळीने तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले, किंवा शेतातून वीस हिरवी बोंडं आणून फोडली नि दोहोंत अळी निघाली, तरच औषधाचा विचार करायचा. बोंडं फोडून पाहायचं काम आपल्या बायकांइतकं नीट कोण करील? भाजी निवडण्यात आपला जन्म गेला!

पण खरा उपाय आहे तो पीक वेळेवर संपवण्याचा. डिसेंबरनंतरही पाणी देऊन कापूस मार्च-एप्रिलपर्यंत उभा ठेवतात, त्याला फरदड म्हणतात. चार क्विंटल जास्त मिळतील ही आशा. अळीला मात्र त्यामुळे उन्हाळ्यापर्यंत घरबसल्या जेवण मिळतं. थंडीत ती सरकीत, अर्धवट उघडलेल्या बोंडांत झोपी जाते आणि पुढच्या पावसाळ्यात पतंग होऊन बाहेर पडते. फरदड नसेल आणि पेरणीही जूनच्या आधी झाली नसेल, तर बाहेर आलेल्या पतंगांना अंडी घालायला फूलच मिळत नाही. म्हणून शास्त्रज्ञ आता लवकर पिकणाऱ्या, दाटीने लावायच्या वाणांवर भर देतात. विहिरीचं पाणीही वाचतं, तेवढ्यात हरभरा निघतो.

अमेरिकेने २०१८ मध्ये आपल्या मुख्य भूमीवरच्या कापसातून ही अळी संपल्याचं जाहीर केलं. तिथे बीटी कापूस होता, गंध होता, वांझ केलेले पतंग सोडले होते, आणि काढणीनंतर झाडं नष्ट करण्याची शिस्तही होती. आपल्याकडे एकाने फरदड काढली नि शेजाऱ्याने ठेवली, तर काय उपयोग? अख्ख्या गावाने एकदम करायची ही गोष्ट आहे.

आता त्या ढिगाकडे येऊ. पऱ्हाटीला लागून राहिलेल्या वाळक्या बोंडांतच अळ्या झोपलेल्या असतात. यंत्राने बारीक करून शेतातच मिसळली तर उत्तमच, काळ्या जमिनीला तेवढाच सेंद्रिय आधार मिळतो. जाळून टाकण्यापेक्षा ते केव्हाही बरं. पण आमच्याकडे धुण्याला येणाऱ्या बाईंना, ज्यांची तीन एकर कोरडवाहू शेती आहे, मी हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “अळीचं समजलं मॅडम, पण मंग चूल कायच्यावर पेटवू?” टाकी भरून आणायला दर वेळी पैसे नसतात. माझ्या मते कुठल्याही सल्ल्याची पहिली परीक्षा इथेच व्हायला हवी. सरपण काढून घ्यायचं तर बदल्यात काहीतरी दिलं पाहिजे, नुसतं पत्रक वाटून भागत नाही.

तोवर निदान एवढं जमतं: शेवटच्या वेचणीनंतर शेतात शेळ्या-मेंढ्या सोडायच्या, राहिलेली बोंडं त्या आवडीने खातात. घरी आणायची पऱ्हाटी बोंडं झटकूनच आणायची आणि पावसाळ्याआधी जाळून संपवायची. घरात कापूस ठेवलाच तर उन्हाळ्यात विकून मोकळं व्हायचं.

ज्यांच्या घरी फवारणी होते, त्यांनी ते कपडे घरच्या धुण्यात मिसळू नयेत. वेगळ्या बादलीत, हातांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवून धुवावेत. औषधाचे डबे कितीही छान दिसले, तरी धुऊन पाण्या-तेलाला वापरू नयेत. आणि जून-जुलैत निंबोळ्या पडतात, त्या वेचून सावलीत वाळवून ठेवा. पाच किलो कुटून रात्रभर दहा लिटर पाण्यात भिजवायच्या, सकाळी फडक्यातून गाळून, थोडा साबणचुरा घालून एकूण शंभर लिटर पाणी करायचं. मावा-तुडतुड्यांवर सुरुवातीला हे पुरतं. बोंडात शिरलेल्या अळीवर मात्र याचा उपयोग नाही, तेव्हा डोमकळ्या दिसायच्या आतच वापरा.