पाइपची थ्री-नॉट-थ्री

बेचाळीसच्या चळवळीवरची एकांकिका बसवायची म्हटली की पोलिसांच्या हातात द्यायला बंदुका हव्यात. त्या काळाला शोभेल ती ली-एनफिल्ड, म्हणजे पुढेही कित्येक वर्षं आपल्या पोलिसांच्या खांद्यावर दिसलेली थ्री-नॉट-थ्री. वायरिंगचा पाइप, प्लायचे तुकडे आणि हार्डवेअरच्या दुकानातली एक कडी एवढ्या सामानात ती उत्तम उभी राहते. ती काही उडवणारी नाही, रंगमंचावर खरी वाटणारी आहे.

आधी माप. खरी रायफल साधारण 113 सेंटीमीटर लांब आणि चार किलोच्या आसपास असते. लांबी चुकली तर रंग कितीही सुरेख द्या, खेळणंच दिसतं. बहुतेक जण पुढे लांबलचक काळी नळी काढतात. या रायफलीचं लाकूड मात्र जवळजवळ तोंडापर्यंत जातं, नळी जेमतेम टोकाला डोकावते. म्हणून आपला पाइप बव्हंशी लाकडाच्याच रंगाचा.

25 मिलीमीटर व्यासाचा पाइप 70 सेंटीमीटर कापा. दस्त्यासाठी 18 मिलीमीटर प्लायचे 55 सेंटीमीटरचे दोन तुकडे फेविकॉलने जोडा आणि वाळल्यावर आकार कापून कानशीने कडा गोल करा. दस्त्याच्या पुढच्या 12 सेंटीमीटरमध्ये पटाशीने खाच पाडून पाइप त्यात बसवा आणि स्क्रूने आवळा. गुळगुळीत पीव्हीसीवर फेविकॉल धरत नाही, त्यामुळे इथे त्याच्यावर भिस्त ठेवू नये.

आता वजन. माझ्या मते सगळी जादू इथेच आहे. रिकामा पाइप खांद्यावर घेतलेला नट कितीही ताठ चालला तरी त्याचा हात खोटं बोलतो. जड वस्तू उचलताना कोपर आणि खांदा आपोआप जे करतात, ते तालमीत शिकवून येत नाही. 12 मिलीमीटरची लोखंडी सळई मीटरला सुमारे 890 ग्रॅम भरते. पाइपपेक्षा थोडी आखूड कापून, जुन्या कापडाच्या पट्ट्या घट्ट गुंडाळून ती आत सरकवा, म्हणजे खडखडणार नाही. तोंड लाकडी गुट्टी आणि एम-सीलने कायमचं बंद करा. शाळेतल्या मुलांसाठी करत असाल तर सळई नको.

चापाभोवतीची कमान पाइपच्याच पट्टीची होते. पीव्हीसी साधारण 80 अंशांना मऊ पडतं, म्हणजे उकळतं पाणी पुरे. पट्टी चिमट्याने बुडवून ठेवा, मऊ झाली की जाड हातमोजे घालून बाटलीच्या गळ्याभोवती वळवा आणि गार पाण्यात धरा. गॅसच्या ज्योतीवर पाइप अजिबात धरू नका. जळताना त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा घातक धूर निघतो. कमानीच्या पुढे मॅगझिन म्हणून लाकडी ठोकळा लावा.

कडी वापरायची ती बोल्टसाठी. गोल दांड्याचा टॉवर बोल्ट दस्त्यावर, पाइपच्या लगेच मागे बसवा. मूठ वर, मागे, पुढे, खाली: खऱ्या रायफलीतही प्रत्येक गोळीनंतर हेच करावं लागतं. स्फोटाचा आवाज विंगेतून येतो, पण लोखंडाची ही खटखट नटाच्या हातातून येते आणि मागच्या रांगेपर्यंत पोचते. बोल्ट न ओढता लागोपाठ दोन बार काढणारा हवालदार मला तरी बघवत नाही.

रंगाआधी पाइप 120 नंबरच्या पॉलिश पेपरने घासून प्राइमर द्या. लाकडाला पिवळसर मातकट थर, तो वाळला की जवळजवळ कोरड्या ब्रशने गडद तपकिरी रेघा ओढा. लोखंडी भागांना फळ्याचा काळा रंग द्यावा; तो चमकत नाही, म्हणून स्पॉटलाइटमध्ये प्लॅस्टिक उघडं पडत नाही. शेवटी पेन्सिलचं शिसं किसून ती पूड बोटाने कडांवर चोळा. हाताळून झिजलेल्या लोखंडाची करडी झाक येते.

अशी बंदूक उघडी घेऊन एसटीत किंवा लोकलमध्ये चढू नये. कापडात गुंडाळा, टोकाला भगवी टेप लावा, पथनाट्य असेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात आधी सांगून ठेवा. शस्त्र कायदा, 1959 च्या कलम 6 प्रमाणे नकली बंदुकीचं परवान्याशिवाय खऱ्या अग्निशस्त्रात रूपांतर करायला बंदी आहे. तालमीतसुद्धा नेम माणसावर न धरता त्याच्या बाजूला हातभर अंतरावर धरायचा. प्रेक्षकांतून तो फरक कळत नाही.