पितळ ओतले आणि रात्री थंडी वाजली!

भंगार बाजारातून जुने व्हाइस, कानशी आणून दुरुस्त करणे, घरीच मुशीत धातू वितळवून सुटे भाग ओतणे, हा छंद काहींना असतो. पितळ ओतलेल्या दिवशी रात्री थंडी वाजून ताप, अंगदुखी, कोरडा खोकला सुरू झाला, तर मी आधी मलेरियासाठी रक्त तपासणार. म्हणून दिवसभरात काय काम केले, ते रुग्णाने आवर्जून सांगावे.

पितळात जस्त असते. ते ९०७ अंश सेल्सिअसला उकळते आणि पितळही त्याच सुमारास वितळते. त्या पांढऱ्या धुराने ४ ते १० तासांनी ताप येतो व बहुधा दोन दिवसांत उतरतो. पण जुन्या नटबोल्टांवर कॅडमियमचा मुलामा असेल, तर सुरुवात अशीच होऊन पुढे फुप्फुसांना सूज येते व ती जिवावर बेतू शकते. दम लागल्यास तडक रुग्णालय गाठावे.

मुलामा किंवा रंग दिलेले भंगार मुशीत टाकू नये. भट्टी उघड्यावर लावावी. नाकाला बांधलेल्या रुमालाने हा धूर अडत नाही. दूध-गूळ घेतल्याने तो बाधत नाही, हाही गैरसमजच!