उंबरठ्याच्या आत आणि बाहेर

सायंकाळी कृष्णपुऱ्याच्या पुलावरून जाताना नदीकाठच्या होळकरांच्या छत्र्या दिसतात, आणि पलीकडे घरोघरी लागलेले दिवे. दुरून सारीच घरे शांत वाटतात. आत काय चालले आहे ते भिंती सांगत नाहीत. काही चित्रपट मात्र आपल्याला त्या भिंतींच्या आत नेऊन बसवितात. डॉ. जब्बार पटेल यांचा १९८२ सालचा ‘उंबरठा’ हा त्यांपैकीच एक. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरून विजय तेंडुलकरांनी त्याची पटकथा लिहिली.

सुलभा महाजन ही सुखवस्तू घरातील सून. पती सुभाष वकील, सासूबाई समाजकार्यात नावाजलेल्या, मुलगी राणी अजून लहान. समाजकार्याचे शिक्षण घेतलेली सुलभा दूर संगमवाडीच्या महिलाश्रमाची अधीक्षिका होते. तेथील अनाचाराशी झुंजून, थकून ती परतते, तेव्हा मुलीला काकूचा लळा लागलेला असतो आणि पतीच्या आयुष्यात दुसरी स्त्री आलेली असते. सुलभा पुन्हा घराबाहेर पडते.

असा चित्रपट पाहावा कसा? पहिले पथ्य असे की, न्यायाधीशाच्या आसनावर बसण्याची घाई करू नये. ती चूक मी स्वतः केली. चित्रपट संपताच मी म्हणालो, “लेकराला टाकून जायला नको होते.” पत्नी शांतपणे म्हणाली, “तुमची बदली झाली, तेव्हा तुम्ही दोन वर्षे परगावी राहिलात. आपला मुलगाही लहानच होता. त्याला टाकून गेलात, असे कोणी म्हणाले का तुम्हाला?” माझ्यापाशी उत्तर नव्हते.

चित्रपटाचे सामर्थ्य नेमके येथे आहे. त्यात खलपुरुष नाही. गिरीश कर्नाडांचा सुभाष सभ्य आहे, मृदुभाषी आहे. म्हणूनच त्याचे वागणे अधिक बोचते. समाजसेवेचा मान मिळविलेल्या सासूबाईंनाही सुनेचे घराबाहेरचे काम रुचत नाही. तेव्हा दोषी कोण हे शोधण्यापेक्षा, या घराला कोणती गोष्ट स्वाभाविक वाटते आणि कोणती अपराध वाटते, हे पाहावे.

दुसरे पथ्य, संवादांइतकेच मौनाकडे लक्ष द्यावे. स्मिता पाटील यांच्या चेहऱ्यावर, विशेषतः घरी परतल्यानंतरच्या प्रसंगांत, न बोललेले पुष्कळ वाचता येते.

इब्सेनची नोरा १८७९ साली घर सोडून गेली, आणि दार लागताच नाटक संपले. सुलभा मात्र एकदा परत येते, आणि आपल्यावाचून घर कसे सुरळीत चालू राहिले ते पाहते. तिचे दुःख मला अधिक खोल वाटते.

असे चित्रपट मनोरंजन करीत नाहीत, ही तक्रार खरी आहे. परंतु त्या रात्री आमच्या घरी बऱ्याच वर्षांनी एक राहून गेलेले बोलणे झाले. हे त्यांचे देणे लहान नव्हे.