पट्टा ओरडतो आणि गाडी गचके खाते



या पानावर आम्ही नेहमी लागण, बेणे, खोडवा यांबद्दल लिहितो. या खेपेस मोटारीबद्दल लिहीत आहोत. गेल्या हंगामात गट कार्यालयात ऊसनोंदीसाठी आलेले एक ज्येष्ठ सभासद पायरीवरूनच आम्हांस म्हणाले, "साहेब, तुमच्या इथेनॉलनं माझी गाडी खाल्ली."

त्यांची गाडी म्हणजे सुमारे तीस वर्षांपूर्वीची, कार्ब्युरेटरची पेट्रोल मोटार. सकाळी चालू केली की बॉनेटखालून किंचाळल्यासारखा आवाज येई. चढाला ॲक्सिलेटर दाबला की गाडी क्षणभर दम सोडी आणि मग गचका खाऊन पुढे जाई. अण्णांना आठवड्यातून दोन वेळा मंडळींना डायलिसिससाठी जिल्ह्याच्या गावी न्यावे लागते. वाटेत घाट आहे. तेव्हा विषय हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. आम्ही काही मेकॅनिक नव्हे. पण शेतातल्या ऑइल इंजिनावर आणि खात्याच्या जीपवर हात काळे करण्यात बरीच वर्षे गेली आहेत. कारखान्याच्या गॅरेजमधल्या फोरमनना सोबत घेऊन आम्ही बॉनेट उघडले.

प्रथम पाहायचे ते असे, की ही दुखणी दोन की एकच? पेट्रोल गाडीत फॅनबेल्ट घसरू लागला की अल्टरनेटर पुरेसा फिरत नाही, बॅटरी उतरते, आणि बॅटरी उतरली की प्लगची ठिणगी अशक्त होते. मग गाडी मिसिंग करते, विशेषतः रात्री हेडलाइट लावल्यावर. म्हणून आधी बॅटरीवर व्होल्टमीटर लावावा. चालू इंजिनावर १४ व्होल्टच्या आसपास काटा हवा. दिवे लावून, थोडी रेस देऊनही तो साडेबाराच्या खाली बसत असेल तर पट्टा, अल्टरनेटर व त्याच्या वायरी सोडून दुसरीकडे पाहूच नये. अण्णांच्या गाडीत काटा जागेवर होता. म्हणजे दुखणी दोन, आणि औषधेही दोन.

आता पट्टा. हा व्ही पट्टा तळाने नव्हे, दोन्ही कडांनी पुली पकडतो. कडा झिजून तो खाचेच्या तळाला टेकला, की कितीही ताणा, तो घसरणारच. कडा काचेसारख्या चकाकत असतील, आतून भेगा असतील किंवा पट्ट्यावर तेल उडाले असेल तर तो बदलावा. सकाळी पहिल्या स्टार्टला जास्त ओरडतो यात नवल नाही. स्टार्टरने ओढून घेतलेली वीज बॅटरीत परत भरण्यासाठी अल्टरनेटर त्या वेळी जड फिरतो, तो भार पट्ट्यावर येतो.

ताण बघायचा तो इंजिन बंद करून. दोन पुलींमधल्या लांब भागावर अंगठ्याने जोराने दाबले असता जेमतेम अर्धा इंच, म्हणजे १०-१२ मिलिमीटर दबावा. याहून जास्त दबला तर ढिला. दबतच नसेल तर फार आवळलेला, आणि तेही वाईट. वॉटर पंपाचे आणि अल्टरनेटरचे बेअरिंग त्याने लवकर जाते. नवा पट्टा चार दिवस चालून थोडा लांबतो, तेव्हा पुन्हा एकदा ताणून घ्यावा. हे दुसऱ्यांदा ताणणे बहुतेक जण विसरतात.

जुन्या माणसांना ऑइल इंजिनाच्या सपाट पट्ट्याला राळ लावायची सवय आहे. तिथे ती चालत असे. व्ही पट्ट्याला राळ लावू नये, साबणही घासू नये. दोन दिवस आवाज बंद होतो, मग धूळ चिकटून पट्टा आणखी कडक होतो. अण्णांनी साबण लावलाच होता, हे पट्ट्याच्या वासावरून कळले.

आवाज नेमका कुठला हे कळण्यासाठी चालू पट्ट्याच्या आतल्या बाजूवर लांबून थोडे पाणी शिंपडतात. आवाज वाढला तर बहुधा पट्टा ढिला. क्षणभर थांबून पुन्हा आला तर बहुधा पुल्या एका रेषेत नाहीत. हे करताना धोतराचा सोगा, उपरण्याचे टोक, पदर, बाही सगळे आवरून घ्यावे. विजेचा पंखा असलेल्या गाडीत इंजिन बंद असतानाही तो आपोआप फिरू लागतो, तेव्हा बोटे जपावीत.

फोरमननी पट्टा ताणून दिला, दोन दिवस गाडी मुकी झाली, तिसऱ्या दिवशी पुन्हा ओरडली. तेव्हा पट्टा काढून त्यांनी पुल्या हाताने फिरवल्या. अल्टरनेटरची गुळगुळीत फिरली. वॉटर पंपाची खरखरली आणि हलवल्यावर खुळखुळली. पंपाखालच्या बारीक छिद्रातून पाणी पाझरल्याचा ओघळही होता. बेअरिंग आणि सील दोन्ही गेलेली. पट्टा बिचारा नुसता तक्रार करीत होता.

इथे आमचीच एक गोष्ट सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी ऐन गळितात आमच्या विभागाची जीप अशीच ओरडत होती. "हंगाम संपला की बघू," असे आम्हीच म्हणालो. चार्जिंगचा लाल दिवा फ्यूज झाला होता, तोही बदलला नाही. एका रात्री तोडणीवरून परतताना पट्टा तुटला. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, म्हणून ते चालतच राहिले. पाणी फिरायचे थांबले आहे हे आम्हांस चार किलोमीटरनंतर वाफ दिसल्यावर कळले. हेड वाकले. जीप अठरा दिवस बाहेर. तेवढ्या दिवसांत ब्रिक्स तपासणीच्या फेऱ्या मागे पडल्या आणि दोन गावांचा पक्व ऊस फडात उभा राहिला. वजनात तूट आली ती सभासदांची, आणि ती भरून देणे आमच्या हाती नव्हते. तेव्हा पट्टा तुटला किंवा लाल दिवा पेटला की गाडी तिथेच उभी करावी. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये.

आता गचका, आणि इथेनॉल. महाराष्ट्रात पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल २००३ साली सुरू झाले. देशात १० टक्क्यांचा टप्पा २०२२ मध्ये आणि २० टक्क्यांचा २०२५ मध्ये गाठला गेला. आपल्या उसाला त्यातून दुसरी बाजारपेठ मिळाली, हे खरे. म्हणून जुन्या गाडीला त्याचा काहीच त्रास नाही असे आम्ही म्हणणार नाही. इथेनॉल जुन्या जातीचे रबर फुगवते, कडक करते. टाकीत वर्षानुवर्षे बसलेला गाळ सोडवून फिल्टरमध्ये आणते. हवेतला ओलावा शोषते. अर्ध्या टाकीने पावसाळाभर उभी राहिलेली गाडी म्हणूनच कुरकुरते. शिवाय एक भाग पेट्रोल जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९. जुन्या कार्ब्युरेटरचे जेट पेट्रोलच्या हिशेबाने पाडलेले, त्यामुळे मिश्रण लीन होते आणि थंड इंजिन लवकर अडखळते.

पण गचक्याचे मुख्य ठिकाण बहुधा कार्ब्युरेटरचा ॲक्सिलेटर पंप असते. पाय एकदम दाबला की हवा झटकन वाढते, पेट्रोल मागे राहते. ती उणीव भरायला हा छोटा पंप पेट्रोलची चिळकांडी मारतो. थंड इंजिन बंद ठेवून, एअर क्लीनर काढून, आत बघत थ्रॉटल हलवावा. धार जोरात यावी. बिडी-काडी दूर. अण्णांच्या गाडीत नुसते दोन थेंब आले. आतला पडदा चामड्यासारखा वाळला होता. फिल्टर काळा, आणि पेट्रोलची नळी दुमडली तर भेगा पडत होत्या. या नळीने आम्ही खरे घाबरलो, कारण ती गरम मॅनिफोल्डच्या वरून जात होती. अशी नळी गळू लागली तर गचक्यावर भागत नाही, गाडी पेटते.

नळी, फिल्टर, पडदा बदलले. दुकानात "इथेनॉलवाल्या पेट्रोलला चालणारी द्या" असे सांगूनच घ्यावे. जुन्या साठ्यातला स्वस्त माल नको. एका वेळी एकच वस्तू बदलून गाडी चालवून बघितली. चार वस्तू एकदम बदलल्या तर दोष कशात होता हे कधीच कळत नाही. एवढे करूनही गचका राहिला असता तर प्लग, पॉइंटची फट, डिस्ट्रिब्यूटरकडे जाणारी व्हॅक्यूमची नळी, या क्रमाने गेलो असतो.

डिझेल जीपवाल्यांनी ठिणगीच्या मागे लागू नये. तिथे अडखळण्याचे मूळ बहुधा डिझेलमधली हवा, पाणी किंवा तुंबलेला फिल्टर असते. तोडणीच्या रस्त्यांच्या धुळीने एअर क्लीनरही लवकर भरतो. हंगामात आम्ही तो दर आठवड्याला झटकतो.

अण्णांची गाडी गॅरेजमधून बाहेर पडली तेव्हा आम्ही मुद्दाम घाटापर्यंत सोबत गेलो. चढाला गाडीने उचल घेतली. अण्णा म्हणाले, "म्हणजे निम्मा गुन्हा इथेनॉलचा." आम्ही म्हटले, निम्मा नळीपुरता कबूल, पंपाचा नाही. ते मान्य करायला तयार नाहीत. पण जुना पट्टा आता डिकीत जादा म्हणून ठेवला आहे, आणि त्यासोबत एक पाना.